पिकअप घ्यायची तर 'तीच' का?

२२ सप्टेंबर २०२५ला मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि आमच्या खान्देशातल्या चोपडा-यावल पट्ट्यात दुसरा विषयच उरला नाही. कराआधीची किंमत आठ लाख असेल, तर पूर्वी ती गाडी सव्वादहा लाखांच्या आसपास पडायची, आता साडेनऊच्या आत पडते. सरळ ऐंशी हजारांचा फरक. दसऱ्याला ज्यांची हिंमत झाली नाही, ते आता आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त धरून बसलेत.

गंमत अशी की ऐंशी हजारांचा हिशेब बोटांवर करणारा माणूस गाडी कोणत्या कंपनीची घ्यायची, याचा हिशेब मात्र करताना दिसत नाही. ते आधीच ठरलेलं असतं. "मामा, दुसऱ्या कंपनीचीही एकदा बघून या की," असं मी आमच्या मामांना म्हटलं, तर मामांच्या आधी त्यांचा ड्रायव्हरच बोलला, "लेवानी ते हाईच लेवानी, भो." म्हणजे घ्यायची तर हीच. विषय संपला.

बाजाराच्या भाषेत याला ब्रँडनिष्ठा म्हणतात. ऐकायला कुलदैवतासारखं वाटतं, आणि थोडंफार तसं आहेही. पण त्याच्या बुडाशी एक पक्का हिशेब आहे. कागदावर कोणी मांडत नाही, एवढंच.

## पिकअप म्हणजे कोणती गाडी?

पुढे केबिन, मागे उघडा हौदा, आणि गाडी, माल, माणसं असं सगळं मिळून वजन साडेतीन टनांच्या आत. ही ढोबळ व्याख्या इथे पुरे. २००५ साली टाटांनी 'एस' आणली. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ अश्वशक्ती, आणि लोकांनी तिला लगेच 'छोटा हत्ती' करून टाकलं. तिच्याहून थोराड महिंद्राची बोलेरो पिकअप, २५२३ सीसीची. अशोक लेलँडची 'दोस्त' २०११पासून आहे. आमच्याकडे मात्र नुसतं 'पिकअप' म्हटलं की बोलेरोच समजायची, बाकीच्यांना आपापलं नाव सांगावं लागतं.

आणखी एक जात आहे, हौशी पिकअपची. टोयोटाची हायलक्स २०२२ साली भारतात आली ती जवळजवळ चौतीस लाखांना. जगभर दणकटपणासाठी तिचं नाव घेतात. रावेरच्या मळ्यात तिच्यात केळीचे घड भरणारा अजून मला भेटलेला नाही.

## निष्ठा नेमकी कोणावर?

एक हिशेब करू. आकडे मनाचे आहेत, मुद्दा समजण्यापुरते.

समजा, 'अ' गाडी वर्षातून चार वेळा बिघडते. पण दर वेळी गावच्या फाट्यावरचा मिस्त्री ती अर्ध्या दिवसात चालू करून देतो, कारण त्याने अशा शंभर उघडल्यात आणि पार्ट समोरच्या दुकानात मिळतो. वर्षात दोन दिवस गेले. 'ब' गाडी वर्षातून एकदाच बिघडते, पण तिचा सेन्सर पुण्याहून मागवावा लागतो आणि यायला आठ दिवस लागतात. वर्षात आठ दिवस गेले.

आता चांगली गाडी कोणती? कमी बिघडण्याला 'विश्वासार्हता' म्हणतात. त्या मापाने 'ब' चौपट चांगली. पण पिकअपवाल्याला लागतं ते दुसरंच माप. वर्षातले किती दिवस गाडी कामावर होती, हे ते माप. त्यात 'अ' जिंकते. केळी कापून बांधावर पडलीय, मे महिना आहे, भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर आहे, आणि गाडी शोरूमच्या अंगणात पार्टची वाट बघत उभी. असं एकदा ज्याच्या नशिबी आलं, तो पुढची गाडी घेताना मासिकातली समीक्षा वाचत नाही. फाट्यावर कोणत्या गाड्या उभ्या आहेत, ते मोजतो.

म्हणजे ही निष्ठा कंपनीवर कमी आणि मिस्त्रीवर जास्त असते. मिस्त्रीवर, पार्टवाल्यावर, त्या गाडीची नाडी ओळखणाऱ्या ड्रायव्हरवर. आणि जुनी गाडी विकायला काढली तर तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभं राहील, या खात्रीवर. अर्थशास्त्रात याला 'बदलाचा खर्च' म्हणतात. कंपनी बदलली की यातली प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून जमवावी लागते, आणि तिची पावती कोणी देत नाही.

केळीवाल्यांना हे नव्याने सांगायची गरजच नाही. पूर्वी आपल्याकडे केळीच्या वाणांत बसराई होती, श्रीमंती होती, महालक्ष्मी होती. आता रावेरपासून शहाद्यापर्यंत बघाल तिकडे ग्रँड नैन. ती सर्वांत गोड आहे म्हणून? तसं कोणी म्हणत नाही. टिश्यूकल्चरची रोपं तिचीच मिळतात, ठिबकमधून द्यायच्या खतांचं वेळापत्रक तिचंच पाठ आहे, व्यापाऱ्याला माल तोच हवा, पिकवण्याच्या चेंबरचा हिशेबही तिच्यावरच बसलाय. एकाने लावली म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने लावली म्हणून गावाने.

धोकाही तिथलाच. केळीवर सीएमव्ही हा विषाणू आला, तेव्हा बांध ओलांडून सगळ्यांच्या बागेत एकदमच आला. पिकअपचंही तसंच. २०२१मध्ये जगभर चिपांचा तुटवडा झाला, तेव्हा नव्या गाडीसाठी महिनोन्महिने थांबावं लागलेले लोक आठवा. आख्खं गाव एकाच गाडीवर बसलं, की त्या गाडीचं दुखणं आख्ख्या गावाचं होतं.

## पण सुरुवात कुठून झाली?

जीपपासून. महिंद्राची कंपनी १९४५ची, आणि १९४७पासून ती विलिसच्या जीपगाड्या जोडायला लागली. पुढे कमांडर जीप आली. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडे वडापला जाणाऱ्या, आत जितके त्याहून जास्त बाहेर लटकलेले, अशा त्या जीपा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना वेगळं सांगायला नको. त्या उघडणारे मिस्त्री तयार झाले, मिस्त्रीच्या हाताखालचं पोर पुढे स्वतःचं गॅरेज टाकून बसलं, आणि त्याच हातांकडे पिकअप आली. जाहिरातीने जे जमलं नसतं, ते त्या पाना-पकडीने केलं.

## हे आपल्याकडेच आहे का?

मुळीच नाही. अमेरिकेत फोर्डची एफ-मालिका १९७७पासून सर्वाधिक खपणारी पिकअप आहे. तिकडे फोर्डवालं घर आणि शेव्हर्लेवालं घर असा भेद पिढ्यान्‌पिढ्या चालतो. दुसऱ्याच्या कंपनीच्या नावावर एक पोरगं लघवी करतंय, असं स्टिकर मागच्या काचेवर लावण्यापर्यंत मजल जाते. आपण त्यामानाने सभ्य म्हणायचे.

पण तिथेही सगळं प्रेमच नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपने अमेरिकेच्या स्वस्त कोंबड्यांवर जकात लावली. त्याचा वचपा म्हणून अमेरिकेने १९६४पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के आयातकर बसवला. बटाट्याचं स्टार्च आणि ब्रँडीही त्या यादीत होती, त्यांच्यावरचा कर पुढे सुटला. ट्रकवरचा राहिला. कोंबडीच्या भांडणात परदेशी पिकअप महाग झाल्या त्या झाल्याच, आणि तीन-चार देशी नावांमध्येच लोकांची निष्ठा वाढत गेली. कांद्याचा निर्यातकर ज्यांनी सोसलाय, त्यांना यात नवल वाटू नये. सरकारच्या एका कागदाने बाजाराच्या सवयी घडतात.

## टेक्सासचा बिल्ला आणि पुण्यातली शेवभाजी

टेक्सास हे अमेरिकेतलं पिकअपचं माहेरघर. तिथे कंपन्या खास त्या राज्यासाठी 'विशेष आवृत्ती' काढतात. शेव्हर्लेची 'टेक्सास एडिशन' आहे. रॅम कंपनीची जी गाडी इतरत्र 'बिग हॉर्न' म्हणून विकली जाते, तिचंच नाव टेक्सासमध्ये 'लोन स्टार' होतं. फोर्डने २००१पासून तिथल्या 'किंग रँच' या प्रचंड गुरांच्या कुरणाचं नाव आपल्या गाडीला दिलं, आत खोगिराच्या कातड्याची आठवण देणाऱ्या बैठका घातल्या. टोयोटा तर जपानी. तिने सॅन अँटोनिओला कारखाना टाकला, आणि ज्या रँचच्या जमिनीवर तो उभा आहे ती १७९४ सालची, म्हणून टुंड्राच्या एका आवृत्तीचं नावच '१७९४' ठेवलं. परक्याने गावकीत शिरायचा याहून चतुर मार्ग मला तरी माहीत नाही.

या आवृत्त्यांत असतं काय? लोक नाहीतरी घेतातच अशा सोयींचा एक गठ्ठा, चकचकीत चाकं, आणि बिल्ला. इंजिन तेच, चासी तीच, गिअरबॉक्स तोच. पुण्यातल्या हॉटेलात पाटीवर 'खान्देशी' असा शब्द चढला, की शेवभाजीचे चाळीस रुपये वाढतात. शेव तीच आणि तर्रीही तीच. फसवणूक म्हणता येणार नाही, कारण खाणाऱ्याला घरची आठवण येते आणि तिचे पैसे तो खुशीने देतो. फक्त त्याने पोट जास्त भरत नाही, तसं बिल्ल्याने गाडी जास्त टिकत नाही.

आपल्याकडे कंपनीने खान्देशसाठी अशी आवृत्ती काढावी, याची कोणी वाटच बघत नाही. ती बॉडीवाल्याकडे तयार होते. शोरूममधून हार घातलेली गाडी आधी देवळात जाते आणि मग वेल्डिंगच्या दुकानात. हौद्याला वरून पाइपांचा पिंजरा, फाळक्याला जादा कडी, ताडपत्रीचे हूक, घडांना खरचटू नये म्हणून आतून रबर. मग पेंटर. 'कानबाई माता प्रसन्न', 'आई एकवीरा', 'मनुदेवी कृपा', आणि मागे एमएच १९, १८ किंवा ३९. माझ्या मते ही टेक्सासच्या बिल्ल्याहून खरी प्रादेशिक आवृत्ती. इथे नावाआधी काम बदललंय. केळीवाल्याचा हौदा वेगळा, कापसाच्या गाठीवाल्याचा वेगळा, नंदुरबारच्या मिरचीवाल्याचा वेगळा.

एकच सावधगिरी. तो पिंजरा हवेचा बनत नाही. त्याचं लोखंड दीडशे किलो भरलं, तर तेवढा माल कागदोपत्री कमी नेता येतो. बॉडीवाला हे सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

## "जुन्या गाड्या दणकट होत्या, आताच्या म्हणजे पत्रा"

हे वाक्य ऐकलं नाही असा एक पार खान्देशात सापडणार नाही. त्यात निम्मं खरं आहे.

आधी खोटं निम्मं बघू. वीस वर्षांची एक पिकअप अमळनेरच्या बाजारात आजही चालताना दिसते आणि आपण म्हणतो, बघा, काय माल होता! पण त्याच वर्षी विकलेल्या बाकीच्या कुठे गेल्या? त्या केव्हाच भंगारात कापल्या गेल्या. त्या दिसत नाहीत, म्हणून मोजल्या जात नाहीत. नव्वदीतले आजोबा रोज बिडी ओढतात म्हणून बिडी तब्येतीला चांगली ठरत नाही, त्यातलीच ही गोष्ट.

शिवाय बिघाडाचा एक आकार असतो. घमेलं बाजूने बघा. एक कड वर, मधे सपाट तळ, पुन्हा कड वर. नव्या गाडीत कारखान्यातल्या चुका निघतात, म्हणून सुरुवातीला कटकट जास्त. मग काही वर्षं शांतता. मग झीज सुरू होते आणि खर्च पुन्हा चढतो. आपण शेजाऱ्याच्या तळातल्या जुन्या गाडीची तुलना आपल्या कडेवरच्या नव्या गाडीशी करतो आणि नव्याला शिव्या घालतो.

आता खरं निम्मं. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं, म्हणजे धुराचे कडक नियम. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५०वरून १०वर आलं आणि गाडीला धूर साफ करणारी यंत्रणा बसली. त्यातला सगळ्यांत बदनाम भाग म्हणजे डीपीएफ. ही सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली बारीक चाळणी. काजळी ती अडवते आणि साठली की जाळून टाकते. पण काजळी जळायला साधारण ५५० ते ६०० अंशांची उष्णता लागते, आणि त्यासाठी गाडी काही काळ तरी एका वेगात सलग पळावी लागते.

धुळे-सुरत हायवेला लागलेल्या गाडीला हे सहज जमतं. मळा ते गाव चार किलोमीटर, गाव ते बाजार समिती सहा, मधे तीनदा थांबा, अशा गाडीला जमत नाही. चूल नीट पेटायच्या आत रोज विझवली तर घरात धूरच कोंडणार. चाळणी तुंबते, काट्यावर दिवा लागतो, गाडी ओढत नाही. आमच्या घरच्या गाडीचा हा दिवा तीन आठवडे कोणी मनावर घेतला नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष आमचा होता. मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं होतं, की दिवा लागला तर गाडी थोडा वेळ मोकळ्या रस्त्यावर वेगात चालवा. मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीत होतं, पिशवी डॅशबोर्डमध्ये आणि डॅशबोर्डवर गणपती.

काही गॅरेजवाले 'काढून टाकू ना ती चाळणी' म्हणतात. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय गाडीचा कॉम्प्युटर तिला शोधत राहतो आणि एका दुखण्याची दोन होतात.

## कंपनीपेक्षा गाडी काय जास्त टिकवतं?

लोक ज्या गोष्टींना क्षुल्लक समजतात, त्या. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतणं ही आपल्याकडची पिढीजात सवय. आपल्या विहिरींचं पाणी जड. बंबाच्या आत जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो, आणि मे महिन्यात चोपडा-शिरपूर रस्त्यावर गाडी वाफ सोडते. मग दोष कंपनीचा! कूलंटचा डबा त्या मानाने किरकोळ खर्चाचा असतो. जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांना आणखी एक त्रास: हवेतली रुई रेडिएटरच्या जाळीवर बसून तिला गोधडी पांघरते. आठवड्याला हवेच्या पाइपने जाळी फुंकून घेतली तरी पुष्कळ होतं. एअर फिल्टरचंही तेच. काळ्या मातीचा धुरळा इंजिनात गेला, तर तो पॉलिश पेपरचं काम करतो. आणि ड्रममध्ये साठवलेलं डिझेल आजच्या इंजेक्टरला चालत नाही. त्यात डिझेल प्रचंड दाबाने सुईएवढ्या छिद्रांतून फवारलं जातं, तिथे पाण्याचा थेंब आणि मातीचा कणही भारी पडतो.

## "पाटे वाढवून घेतले, आता टेन्शन नाही"

टेन्शन आहे, फक्त पाट्यांवरून सरकून दुसरीकडे गेलंय. मागच्या कमानीत, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगमध्ये, दोन जादा पाटे टाकले की गाडी बसत नाही, एवढंच खरं. बेअरिंग तीच, हब तेच, ब्रेक तेच, टायर तेच. तारेचा तुकडा थोडाथोडा वाकवला तर कितीतरी वेळ तग धरतो आणि जोर लावून वाकवला तर पाच-दहा वेळांत तुटतो. लोखंडाचं थकणं असं असतं. वजन दीडपट केलं म्हणून आयुष्य दीडपटच कमी होत नाही, त्याहून खूप जास्त होतं.

रस्त्याच्या बाबतीत तर हे मोजून झालंय. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इलिनॉयला मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावरून ट्रक फिरवले गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे वजन दीडपट झालं तर दीड गुणिले दीड गुणिले दीड गुणिले दीड: पाचपट झीज. मग त्याच खड्ड्यांनी आपले शॉकॲब्सॉर्बर जातात आणि आपण सरकारला शिव्या देतो. देऊ नये असं नाही, पण थोड्या वाटून द्याव्यात.

उतारावरचं प्रकरण आणखी गंभीर. चांदसैली घाट किंवा कन्नडचा घाट उतरताना गाडीच्या वजनाचा बराचसा जोर ब्रेकमध्ये उष्णता होऊन निघतो. पाटे वाढवल्याने ब्रेक वाढत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड आहे. पण मी घाटातल्या वळणाला दंडापेक्षा जास्त भितो.

## सर्वेक्षणांत पहिली आलेली गाडी घ्यावी का?

आधी ते मोजतात काय, हे बघा. अमेरिकेतलं एक नावाजलेलं सर्वेक्षण तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारून दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, हे काढतं. त्यात फोन ब्लूटूथला जोडला जात नाही ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स गेला हीसुद्धा एकच तक्रार. आणि तीन वर्षं म्हणजे घमेल्याचा तळ जेमतेम सुरू झालेला. आपल्याकडे पिकअप दहा-बारा वर्षं वापरायची असते.

त्यापेक्षा आखाजीआधी एक सकाळ खर्च करा. ज्या गाडीवर मन बसलंय, तिची क्लचप्लेट, इंजेक्टर, व्हील बेअरिंग आणि पुढची काच यांचे भाव तालुक्याच्या पार्टवाल्याला विचारा. भावासोबत 'आत्ता दुकानात आहे का' हेही विचारा. तीच गाडी पाच-सहा वर्षं चालवलेला माणूस गाठा. मालकापेक्षा ड्रायव्हर बरा. मालक स्वतःच्या निवडीचं समर्थन करतो, कारण पैसे त्याने घातलेले असतात. जुनी गाडी बघत असाल तर फिटनेसचे कागद आधी बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी तपासणी लागते. आणि चासीला कुठे वेल्डिंगची शिवण दिसली, तर चहा पिऊन परत या.

## आणि इलेक्ट्रिक आली की?

आलेलीच आहे. छोट्या हत्तीची बॅटरीवरची आवृत्ती टाटांनी २०२२मध्ये दाखवली. तिला डीपीएफ नाही, इंजेक्टर नाही, रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतायची सोय नाही. वर सांगितलेली निम्मी दुखणी एका फटक्यात गेली. पण निष्ठा ज्याच्यावर उभी आहे, तो मिस्त्री तिथे नाही. पार्टचं दुकान नाही, आणि जुनी विकायला काढली तर बॅटरीची नाडी बघणारं गिऱ्हाईकही अजून तयार झालेलं नाही.

अडावदच्या रस्त्यावर आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गाडीचं ग्रीसिंग चालू होतं, तेव्हा मी त्याला सहज विचारलं, बॅटरीची पिकअप आली तर दुरुस्त करशील का? तो गाडीखाली होता. तिथूनच म्हणाला, "पहिली कोण आणतो ते सांगा, मग शिकतो."

मामा तिथेच खाटेवर बसले होते. ते काही बोलले नाहीत.